रकाना चौदा

माझ्या रक्तवाहिन्या कंपनीचं ऐकत नाहीत, असं पत्र मला एप्रिलच्या सतरा तारखेला आलं.

‘आपल्या शरीराचा औषधोपचारास मिळणारा प्रतिसाद असमाधानकारक असून, प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने आपणांस चालक पदावरून का कमी करण्यात येऊ नये, याबाबत सुनावणीस उपस्थित राहून खुलासा करावा. तोपर्यंत आपण कामावर येऊ नये.’ खाली सही नव्हती. यंत्रानं काढलेल्या पत्राला सही लागत नाही म्हणे.

मी शुभांगी काळमेघ. वय सत्तेचाळीस. वरदागती परिवहन कंपनीच्या वरखेड आगारात चालक आहे आणि बारा वर्षं वरखेड–अकोला गाडी चालवते. या बारा वर्षांत एक म्हैस आडवी आली होती, तीसुद्धा स्वतःच्या पायांनी घरी गेली. आणि आता दंडावरची एक पट्टी मला सांगत होती की तू गाडी चालवायच्या लायकीची नाहीस. पत्र वाचून माझं डोकं असं तापलं की मी ते तीनदा घडी घातलं आणि तीनदा उलगडलं.

ही पट्टी काय आहे ते आधी सांगते.

माझ्या सासूबाईंना रक्तदाब होता. त्यांना डॉक्टरांनी एक बारीक पांढरी गोळी दिली होती. तिला त्या पाण्याची गोळी म्हणत. गोळी मूत्रपिंडाला सांगते की मीठ अडवून ठेवू नकोस, जाऊ दे. मीठ निघालं की त्याच्यामागून पाणी निघतं. नळातलं पाणी कमी झालं की नळावरचा ताण कमी होतो, तसं अंगातलं पाणी थोडं उतरलं की रक्ताचा दाब उतरतो. औषध स्वस्त, जुनं आणि गुणाचं. फक्त ती घेतली की तीनचार तास बाईला मोरीपासून लांब जाता येत नसे. म्हणून लग्नाला, तेरवीला, परगावी जायचं असलं की सासूबाई त्या दिवशी गोळी पदराच्या गाठीला बांधत आणि घरी आल्यावर घेत. डॉक्टर रागवत. पण निदान कधी घ्यायची हे त्यांच्या हातात होतं.

दोन हजार छत्तीस साली आमच्या हातातून तेही गेलं. कंपनीनं रक्तदाब असलेल्या सगळ्या चालक-वाहकांच्या दंडावर एक रुंद पट्टी बांधली. तिचं सरकारी थाटाचं नाव कोणाच्या तोंडी बसलं नाही. आम्ही बायकांनी तिला वाकी म्हणायला सुरुवात केली, कारण आमच्या आज्या दंडात चांदीची वाकी घालायच्या, तिथेच ही बसायची. वाकी दर मिनिटाला नाडीच्या लाटेवरून रक्तदाब मोजते. दाब रेषेच्या वर गेला की केसाहून बारीक सुयांमधून त्याच पाण्याच्या गोळीच्या जातीचं, पण वीस मिनिटांत लागू पडणारं औषध कातडीखाली सोडते. दिवसाला सहा मात्रांची मर्यादा. सहाही मात्रा संपून दाब वरच राहिला, आणि असं महिन्यात वीस दिवस झालं, तर तुमचा रक्तदाब ‘औषधाला न जुमानणारा’ ठरतो आणि तुम्ही स्टेअरिंगवरून उतरता.

गेल्या वर्षभरात आमच्या विभागातले पुरुष चालक उतरले दोन. बायका उतरल्या एकतीस. आता माझी पाळी होती.

माझ्या गाडीचे वाहक दिगंबर खंडारे, वय छप्पन. दंडाला तीच वाकी, गाडी तीच, ऊन तेच, डब्यातली मिरचीसुद्धा तीच. त्यांना दिवसातून फार तर दोन मात्रा लागायच्या. ते म्हणायचे, “ताई, तुमी लय टेन्शन घेता.” मीही तेच खरं धरून चालले होते.

पत्र आलं तेव्हा माझी मुलगी ईश्वरी घरी होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, परीक्षेच्या सुट्टीवर आली होती. घरी बसून चार दिवस झाले आणि तिनंच माझा दंड धरला.

“आई, तुझी वाकी हिरवीच आहे. आज किती मात्रा दिल्या हिनं?”

“एक.”

“काल?”

“एकही नाही.”

माझे यजमान विलास जेवता जेवता म्हणाले, “पाह्य, मी सांगत होतो ना? गाडीचंच टेन्शन आहे थे. खिडकीवर तिकिटं फाडायचं काम माग. बसून राह्य पंख्याखाली.” विलासचं आगारासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण कोणी वर बघू नये अशा बेतानं जगणारा.

ईश्वरीनं ताटातला हात थांबवला. “आई, ड्युटीवर बाथरूमला कधी जातेस?”

“जात नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे जात नाही. पहाटे साडेपाचला घरून निघते, दीडला घरी येते. आल्यावर जाते.”

“आठ तास? आणि वाकी दर थोड्या वेळानं लघवीचं औषध सोडते?”

विलासनी ताटाकडे बघत घसा खाकरला. घरातसुद्धा हा विषय निघाला की ते असाच घसा खाकरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरीनं मला खुर्चीत बसवलं. दोन तांबे पाणी पाजलं आणि बजावलं की चार तास उठायचं नाही. ना गाडी, ना ऊन, ना शिट्ट्या. मी मटार सोलत बसले होते. सव्वा तासानं आकडा एकशे सव्वीसवरून एकशे अडतीसवर गेला. दोन तासांनी वाकीनं पहिली मात्रा सोडली. अर्ध्या तासानं आकडा खाली यायचा तो एकशे एकोणपन्नासवर चढला, तेव्हा दुसरी सोडली. तिसऱ्या मात्रेला माझ्या कपाळावर घाम आला आणि मटारची परात मी बाजूला सारली. चार तास भरले तशी उठून मोरीत गेले. बाहेर आले तेव्हा वाकी हळूहळू हिरवी होत होती.

“मूत्राशय भरून ताणलं गेलं की मज्जातंतू रक्तवाहिन्या आवळून घेतात,” ईश्वरी सांगत होती आणि तिचा आवाज रागानं चिरकत होता. “दाब वाढतो. वाकीला वाटतं, आजार वाढला. ती आणखी औषध सोडते. औषधानं मूत्राशय आणखी भरतं. दाब आणखी वाढतो. आई, हे आम्हांला पहिल्या वर्षाला शिकवतात! तुझ्या रक्तवाहिन्यांना काही झालेलं नाही. तुला फक्त जायला जागा नाही.”

मी पलंगावर बसले. आधी हसू आलं आणि मग संताप. एकतीस बायका! त्यातल्या एकीच्या नवऱ्यानं तिला ‘आजारी बाई’ म्हणून माहेरी नेऊन घातली होती.

जायला जागा नाही, असं कागद म्हणत नाही बरं का. वरखेड आगारात महिला प्रसाधनगृह आहे. निळ्या टाइल्स, बाहेर उद्घाटनाचा संगमरवरी दगड आणि दाराला कुलूप. आत गाड्यांच्या जुन्या ट्यूबा आणि बंद पडलेली तिकीट-यंत्रं. चावी स्टोअरकीपरकडे. तो दहाला येतो, माझी गाडी सहाला सुटते. वाटेतल्या थांब्यांवरची तऱ्हा याहून वाईट, पुरुष झाडाआड उभे राहतात, बाईला दार असलेली जागाच नाही. पूर्वी आमची एक रीत होती. धामणी फाट्यावर सुशीलाबाईंचं चहाचं हॉटेल आहे, तिथे प्रत्येक बाई चालक ‘रेडिएटरमध्ये पाणी टाकायला’ चार मिनिटं गाडी थांबवायची आणि मागच्या दारानं सुशीलाबाईंच्या घरात जाऊन यायची. गाड्या विजेवर आल्या, त्यांना रेडिएटर उरला नाही, तरी आम्ही पाणी टाकतच होतो. प्रवासी बायका गालात हसायच्या, पुरुष पेंगायचे. मग गाडीत नकाशावाला डबा बसला आणि ‘विनाकारण थांबा’ म्हणून आमचे खुलासे मागायला लागला. रीत बंद पडली.

पण कंपनीनं वाकी आणण्याआधी आम्हांला विचारलं नव्हतं का? विचारलं होतं. आणि इथे माझीच मान खाली जाते.

चाचणीच्या वेळी आगाराच्या कॅन्टीनमध्ये अर्ज भरून घेतले. टेबलाशी पंचविशीतला एक तंत्रज्ञ. मागे पुरुष चालकांची रांग. तो प्रश्न मोठ्यानं वाचत होता. रकाना चौदा, ‘लघवीस जाण्याबाबत काही अडचण?’ मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी सगळ्यांत जुनी, म्हणून पहिला अर्ज माझा. मी म्हणाले, “नाही.” एवढंच नाही, मागे वळून बाकीच्या बायकांना डोळ्यांनी खुणावलं की नाही लिहा गं, उगाच शोभा नको. माझं पाहून आगारातल्या सगळ्याजणींनी ‘नाही’ लिहिलं. बाकीच्या आगारांतही कोणीतरी माझ्यासारखीच पहिली उभी राहिली असेल. ज्या उत्तरांवर ते यंत्र शिकलं, त्यातलं पहिलं खोटं माझं होतं.

हे सगळं सुनावणीत बोलायचं, असं मी ठरवलं त्या दिवशी घरात तीन शब्द धड बोलले गेले नाहीत.

“चारचौघांत हे सांगशील तू?” विलास म्हणाले. “लोक दुकानात येऊन मले इचारतील, काय बाप्पा, तुझी बायको कशावर भाषण देऊन राह्यली? तोंड कुठं लपवू मी?”

“तुम्हाले तोंड लपवाची पडली. मी बारा वर्षं काय लपवून राह्यली, थे नाही दिसलं?”

“खिडकीवर बस ना. काय बिघडते?”

“माझी गाडी जाते, हे बिघडते.”

ते उठून दुकानात गेले. ईश्वरीनं आत जाऊन सुनावणीच्या पत्राला उत्तर लिहायला घेतलं. मी एकच अट सांगितली. सुनावणी मुख्य कार्यालयात नको, वरखेड आगारातच घ्या, माझे साक्षीदार इथले आहेत. कंपनीनं मान्य केलं. त्यांना वाटलं असेल, बाई प्रवासाला घाबरते.

दोन मेला अकरा वाजता आगार व्यवस्थापक बोंद्रे यांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही बसलो. कंपनीकडून आल्या होत्या डॉक्टर मृणालिनी दातार, वाकी जिनं जन्माला घातली ती बाई. पन्नाशीच्या, हुशार, बोलायला गोड. नागपूरहून तीन तास गाडीनं आल्या होत्या. बोंद्रेंनी आल्या आल्या थंड पाणी दिलं, मग चहा, मग ताक. बाहेर चव्वेचाळीस अंशांचं ऊन होतं आणि बोंद्रेंना साहेब लोकांची सेवा करण्याची हौस होती. एरवी आम्हांला ते पाण्याचं विचारत नाहीत.

डॉक्टरबाईंनी ब्लाउजची बाही थोडी वर केली. त्यांच्या दंडावर वाकी होती.

“मलाही रक्तदाब आहे, शुभांगीताई. जे मी तुम्हांला देते ते स्वतः वापरते.” त्यांनी आपली वाकी भिंतीवरच्या पडद्याला जोडली. “बघा. एकशे बावीस. आपण बोलू तोवर हे असंच चालू राहू द्या, म्हणजे यंत्रावर विश्वास बसेल.”

मग माझा आलेख दाखवला, डोंगरासारखा. दिगंबरभाऊंचा दाखवला, सपाट. बायकांच्या रक्तवाहिन्या उतारवयात जास्त ताठर होतात, त्यावर त्यांचा निबंध छापून आला होता, तोही दाखवला.

माझी वेळ आली. खिडकीबाहेर गॅलरीत चार चालक कान लावून उभे होते, त्यांत विलासचा मित्रही होता. मी सगळं सांगितलं. साडेपाच ते दीड, कुलूप, सुशीलाबाईंचं मागचं दार, खुर्चीतले चार तास. रकाना चौदापण सांगितला. खिडकीबाहेर हसण्याचा आवाज आला तेव्हा दिगंबरभाऊ उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “मूत्राशय भरल्यावर दाब वाढतो हे मला माहीत नाही का? म्हणूनच तर तो रकाना ठेवला होता. दोनशे अकरा महिलांचे अर्ज आहेत. दोनशे अकरा वेळा ‘नाही’. शिवाय आगाराच्या तपासणी अहवालात लिहिलंय, महिला प्रसाधनगृह उपलब्ध. आता नोकरी जायची वेळ आल्यावर ‘नाही’चं ‘होय’ कसं करून घेऊ मी?”

“तुम्ही त्या पोराला पुरुषांच्या रांगेपुढं मोठ्यानं विचारायला बसवलं, मॅडम. तिथं तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?”

“मी खरं लिहिलं असतं,” त्या म्हणाल्या. मला वाटतं, त्यांना ते खरंच वाटत होतं.

प्रश्नोत्तरं लांबत गेली. बोंद्रेंनी कलिंगडाच्या फोडी मागवल्या. सव्वाबाराला पडद्यावर एकशे छत्तीस आकडा होता. साडेबाराला डॉक्टरबाईंची वाकी गुणगुणली आणि तिनं एक मात्रा सोडली. त्या खुर्चीत बसण्याची बाजू बदलत होत्या. ती हालचाल मी ओळखते. बारा वर्षं मी त्याच हालचालीनं घाट उतरले आहे.

शेवटी त्या बोंद्रेंकडे वाकल्या आणि अगदी हळू, आम्ही बोलतो तश्शाच आवाजात काहीतरी म्हणाल्या.

बोंद्रेंचा चेहरा पडला. “मॅडम, ते... चावी स्टोअरकीपरकडे आहे. तो वाशीमला मेव्हण्याच्या लग्नाला गेलाय.”

“मग दुसरं?”

दुसरं म्हणजे पुरुषांचं. त्याला दार नव्हतं.

“काही घाई नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “सुनावणी पुढे चालू द्या.”

पडद्यावरचा आकडा तेवढा हलत होता. एकशे त्रेचाळीस. एकशे सत्तेचाळीस. वाकी पुन्हा गुणगुणली आणि बाईंनी डोळे मिटले. बोंद्रेंना पडदा बंद करायचा होता, पण त्यांना बटण सापडेना. एकशे बावन्न झाले आणि पडदा लाल झाला. यंत्रानं आपल्या नेहमीच्या गोड आवाजात सांगितलं, “आपला रक्तदाब सुरक्षित मर्यादेबाहेर आहे. कृपया वाहन चालवू नये.”

“मॅडमले आता खिडकीवर बसवा लागते,” दिगंबरभाऊ पुटपुटले. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्या बाईच्या कपाळावर तोच घाम होता जो माझ्या कपाळावर मटार सोलताना आला होता. असा घाम मी कोणाही बाईला मागणार नाही, तिलाही नाही.

मी उठले. खाली माझी गाडी उभी होती, हल्ली ती दुसराच कोणीतरी चालवत होता. तिच्या टूलबॉक्समधून मी टॉमी काढली, चाक बदलताना वापरतात तो लोखंडी दांडा. निळ्या टाइल्सच्या दारापुढे गेले. पहिल्या घावात कुलूप वाकलं, दुसऱ्यात कडीसकट खाली आलं. आतल्या ट्यूबा मी हातांनी ओढून बाहेर फेकल्या. नळ कोरडा होता. मागून बादलीचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर विलास. दुकानातून पाण्याची भरलेली बादली घेऊन, सगळ्या आगारादेखत चौक ओलांडून आले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी बादली दारात ठेवली आणि घसा खाकरून परत गेले.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. वर जाऊन त्यांनी त्यांच्या स्वतःच्या चाचणीचा अर्ज पडद्यावर उघडला. रकाना चौदामध्ये त्यांनीही ‘नाही’ लिहिलं होतं. आकडा एकशे एकोणतीस होता.

जूनमध्ये मला पत्र आलं, मी चालक म्हणून पात्र आहे. उतरवलेल्या एकतीस जणींचीही फेरतपासणी होणार आहे. याच पत्रात असंही होतं की कंपनी नवी वाकी आणत आहे, ती बायकांना ड्युटी संपेपर्यंत औषधच देणार नाही. म्हणजे करोडो रुपये खर्चून ते मला पदराला गोळी बांधायला शिकवणार. थांब्यांवर दारं बसवण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

आणि सोबत एक दुसरं पत्र होतं. ‘दिनांक २ मे रोजी दुपारी १२.५० वाजता आपण रागाच्या भरात कंपनीच्या मालमत्तेचे, म्हणजे एका कुलपाचे, नुकसान केले. सात दिवसांत लेखी खुलासा करावा.’

ईश्वरी म्हणाली मी लिहून देते. मी म्हटलं, नको, हा खुलासा मीच लिहिणार. आगाराच्या कॅन्टीनमध्ये, पुरुषांची रांग उभी असताना, त्याच टेबलाशी बसून लिहिला. मागे आमच्या सहाजणी उभ्या होत्या.

‘कुलूप मीच तोडले. रागाच्या भरात तोडलेले नाही. आपल्याच वाकीची १२.५० ची माझी नोंद पाहावी, दाब एकशे चोवीस आहे, कारण त्याआधी पंधरा दिवस मी घरी होते आणि माझ्या घरात मोरी आहे. राग आजही तेवढाच आहे. दाराची चावी तीन वर्षे कोणाकडे व कशासाठी होती, हे कळवावे, म्हणजे पुढील खुलासा करता येईल. सोबत रकाना चौदा दुरुस्त करून जोडला आहे.’

मग मी माझ्याजवळची जुन्या अर्जाची प्रत काढली, ‘नाही’वर काट मारली, शेजारी ‘होय’ लिहिलं, सही केली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही. मागच्या बाईनं पेन घ्यायला हात पुढे केला.